झाकणावरचा हात

मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे. ॲल्युमिनियमचा, गोल, डोक्यावर ताटलीएवढी काचेची खिडकी आणि दोन बाजूंना काळ्या मुठी. तुमच्या घरातल्या आकडे दाखवणाऱ्या चौकोनी ओव्हनपुढे मी नुसता डबाच वाटेन. मला ना घड्याळ, ना दिवा. बटण दाबलं की तापायचं आणि बंद केलं की निवायचं, एवढंच मला येतं. निदान माझा तसा समज होता. पुढे जे घडलं ते ऐकून कदाचित तुमच्या अंगावर काटा येईल. पण घाबरून मध्येच उठू नका.

माझा जन्म लुधियानाच्या एका लहान कारखान्यात झाला. तिथे पत्रा ठोकून मला गोल केलं, माझ्या पोटात तारेचं वेटोळं बसवलं आणि गवत भरलेल्या खोक्यात घालून नागपूरला पाठवलं. इतवारीतल्या एका भांड्यांच्या दुकानात मी वर्षभर उंच फळीवर धूळ खात बसलो. मग एके दिवशी मारोतराव डेकाटे आले. ते कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होते. बायकोला ओव्हन हवा म्हणून त्यांनी मला उतरवून घेतलं आणि कोराडीच्या बसमध्ये सगळा रस्ता मांडीवर धरून नेलं.

त्यांची बायको म्हणजे कुसुमताई. माझ्या आतल्या थाळीच्या बुडाला त्यांनी लगेच नाव घालून घेतलं : 'सौ. कुसुम मारोतराव डेकाटे, कोराडी, १९९२'. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

कोराडीला रोज सकाळी माझ्या काचेवर वीज केंद्राच्या राखेचा पातळ थर बसलेला असे. कुसुमताई उठल्या उठल्या ओल्या फडक्याने आधी मला पुसत, मग चहा ठेवत. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी ती उखळात सापडली होती. पुसताना ती करंगळी काचेवरून नेहमी थोडी उचललेली राही. चार बोटांचा तो स्पर्श मी हजार हातांतून ओळखला असता.

वसाहतीच्या महिला मंडळात एका साहेबांच्या पत्नीने त्यांना भाजलेली मॅकरोनी शिकवली. पहिल्यांदा ती ताटात पडली तेव्हा मारोतरावांनी भुवया उंचावल्या.

"हे काय वं? पांढऱ्या रश्श्यात नळ्या?"

"खाऊन तं पाहा आधी."

त्यांनी खाल्ली. मग शेजारी मिरचीचा ठेचा घेऊन पुन्हा खाल्ली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या घरी मॅकरोनी होऊ लागली.

ती कशी होई, हे मी काचेतून पाहून पाठ केलं आहे. मॅकरोनी मिठाच्या पाण्यात जराशी कच्ची ठेवून उकडायची. कढईत लोण्यावर मैदा मंद आचेवर परतायचा. त्याचा कच्चा वास गेला पाहिजे, पण रंग बदलता कामा नये. मग कोमट दूध थोडं थोडं ओतायचं आणि हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या झाल्याच. सॉस चमच्याला चिकटून राहू लागला की गॅस बंद करून चीज, मिरपूड आणि चिमूटभर मोहरीची पूड घालायची. त्यात मॅकरोनी मिसळून लोणी लावलेल्या थाळीत ओतायची. वरून आणखी चीज आणि पावाचा चुरा. पुढचं काम माझं. वरचा थर बदामी होईपर्यंत मी तापत राही.

बटण बंद झालं की लहानगा रोहित, म्हणजे त्यांचा मुलगा, झाकणाकडे धावे. कुसुमताई फडक्याची घडी घेऊन दोन्ही तळहात माझ्या मुठींशेजारी ठेवून झाकण दाबून धरत. "दहा मिनटं नाही उघडायचं. वाफ आतमंदी मुरू दे. नाहीतर सारं कोरडं पडते." पूर्ण दहा मिनिटं त्या तशाच उभ्या राहत आणि मग म्हणत, "आता."

मित्रांनो, कौतुकाची वर्षं भरकन जातात. मारोतराव निवृत्त झाले आणि आम्ही सक्करदऱ्याला तलावाजवळच्या घरात राहायला आलो. तिथे ते एका हिवाळ्यात गेले. त्यानंतर कुसुमताईंचं मन हळूहळू सांडू लागलं. आधी नावं गेली, मग वार गेले. रविवार समजून त्या मंगळवारीच मला तापवत. कधी मला रिकामाच तापवून समोर पाट घेऊन बसत. एकदा त्यांनी माझ्या पोटात प्लॅस्टिकचा डबा ठेवला. घरभर काळा धूर झाला. रोहित कामावरून आला तेव्हा त्या धुरात उभ्या राहून त्या झाकण दाबून धरत होत्या.

रोहित वाईट नव्हता. तो भ्यायला होता. त्याची बायको सोनिका आणि तो दोघेही नोकरीला, घरात आई एकटी. दुसऱ्याच दिवशी त्याने मला उचललं. कुसुमताई खाटेवरून पाहत होत्या.

"माहा ओव्हन कुठी नेऊन राहिला गा?"

"दुरुस्तीले देतो आई. आणतो परत."

फाटकाबाहेर भंगारवाल्याची गाडी उभी होती. फुटक्या बादल्या आणि गंजलेल्या कूलरच्या जाळ्यांवर मला ठेवलं गेलं. गाडी वळली तेव्हा खिडकीत त्या दिसल्या. आपला उजवा हात त्यांनी गजांवर सपाट ठेवला होता.

चार दिवसांनी मनीषनगरात कामिनीने मला त्या गाडीवर पाहिलं आणि विकत घेतलं. कामिनी शाळेत शिक्षिका होती आणि अकरा वर्षांच्या उन्नतीबरोबर एका लहान फ्लॅटमध्ये राहत होती. उन्नतीने कुठेतरी भाजलेली मॅकरोनी पाहिली होती आणि तिला ती घरी करायचीच होती. कामिनीने मला घासूनपुसून लख्ख केलं, नवी वायर बसवून घेतली. मला वाटलं, चला, नवं घर मिळालं.

तो मे महिन्यातला पहिला रविवार होता. नागपूरच्या उन्हाळ्यातली दुपार तुम्हाला ठाऊकच असेल. रस्ते ओस, दारंखिडक्या बंद, नुसती कूलरची घरघर. साडेतीनला उन्नतीने मैदा परतला, सगळं दूध एकदम ओतलं आणि गुठळ्या केल्या. तरी थाळी माझ्यात आली, वरचा थर छान बदामी झाला. कामिनीने बटण बंद केलं आणि फडक्याने मूठ धरून झाकण उचलायला गेली.

झाकण हललं नाही.

"काहून उघडून नाही राहिलं हे?" तिने दोन्ही हातांनी जोर लावला.

मित्रांनो, माझ्या झाकणाला ना कडी आहे ना खिट्टी. ते नुसतं वर ठेवलेलं असतं. मी ते धरलं नव्हतं. ते वरून कुणीतरी दाबलं होतं. ते वजन मी ओळखलं आणि तापलेला असूनही माझ्या पत्र्याला गारठा जाणवला. ओट्यापाशी त्या दोघींखेरीज कुणीच नव्हतं.

थोड्या वेळाने वजन उतरलं. झाकण अलगद उघडलं.

"तापून पत्रा फुगला असेल," कामिनी म्हणाली. दोघींनी मॅकरोनी खाल्ली. गुठळ्या होत्या, पण आतून ती सायीसारखी मऊ होती.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. या वेळी उन्नतीने मोबाइलवर वेळ लावली. "आई, बरोबर दहा मिनटं झाले वं." त्या संध्याकाळी कामिनीने मला ओट्यावरून उचलून कपाटामागे ठेवलं.

तिसऱ्या रविवारी उन्नतीच्या हट्टापायी मी पुन्हा बाहेर आलो. बटण बंद झालं. दोघी दोन पावलं मागे उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या. माझी काच वाफेने पांढरी झाली होती. त्या पांढऱ्यावर, मधोमध, हळूहळू एक तळहात उमटला. चार बोटं सरळ. पाचवं काचेवरून थोडं उचललेलं.

"आई," उन्नती कुजबुजली, "करंगळी वाकडी आहे."

कामिनीने मुलीला जवळ ओढलं. कूलर चालू होता, तरी मला त्या दोघींचे श्वास ऐकू येत होते. दहा मिनिटांनी हात विरघळला. कामिनीने थाळी तशीच मोरीत पालथी केली. "उद्या हे घरात नको," ती म्हणाली. थाळीचं बूड वर आलं आणि त्यावरची अक्षरं उन्नतीला दिसली. तिने बोटाने त्यांत मुरलेली काजळी आणि तेलकटपणा पुसत ती एकेक करून वाचली.

कामिनीच्या शाळेतल्या इंदूबाईंचे यजमान कोराडीच्याच नोकरीतले. कामिनीने इंदूबाईंना फोन केला. "मारोतराव डेकाटे? ते तं वारले नं. कुसुमताई आहेत, सक्करदऱ्याले तलावाजवळ, पोराकडं. पण लई बिमार आहेत म्हणतात."

"म्हणजे त्या जिवंत आहेत?" कामिनीने विचारलं. तिने फोन ठेवला. मेलेल्या माणसाची भीती तिला समजली असती. ही भीती कुठे ठेवावी, हे तिला कळेना.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही तिघं ऑटोने निघालो. मी उन्नतीच्या मांडीवर होतो आणि कामिनीच्या पिशवीत मॅकरोनी, दूध, लोणी, चीज असं सगळं सामान होतं. दार रोहितने उघडलं. मला पाहताच त्याचा चेहरा उतरला.

"हा... हा तुमच्याकडे कसा आला?"

कामिनीने सगळं सांगितलं. झाकणाचं, दहा मिनिटांचं, काचेवरच्या हाताचं. रोहित ऐकत ऐकत खुर्चीत बसला.

"ताई, आई पंधरा दिवसांपासून जेवून नाही राहिली. नुसती पेज, तीही दोन चमचे. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर आठवडाभर निघणं कठीण. दिवसभर डोळे मिटून पडून राहते. पण रविवारी चारनंतर ती आपोआप उठून बसते. दोन्ही हात हवेत असे दाबून धरते, जणू खाली काही आहे. मी हात काढायले गेलो, तर मले हलवता नाही आले, ताई. एवढीशी झाली आहे ती, तरी. दहा मिनटांनी स्वतःच सोडते." त्याने स्वतःचा तळहात उघडून दाखवला. "मागच्या रविवारी तिचा तळहात भाजल्यासारखा लाल झाला होता."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. मग उन्नतीच म्हणाली, "आई, मी इथंच करते."

रोहितने मला कुसुमताईंच्या खोलीत, त्यांच्या खाटेसमोरच्या टेबलावर ठेवलं. उन्नतीने शेजारी शेगडी मांडून मैदा परतायला घेतला. कुसुमताई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. उन्नतीने दुधाचं पातेलं उचललं आणि खाटेवरून आवाज आला. कोरडा, पण स्पष्ट.

"एकदम नको ओतू वं पोरी. दर खेपेस ओततेस."

उन्नतीने पातेलं कढईवरच थांबवलं. या बाईंना तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. कुसुमताईंनी मान वळवली. त्यांचे डोळे आधी तिच्यावर आणि मग माझ्यावर स्थिरावले.

"थोडं थोडं. आन हात थांबवू नको."

उन्नतीने थोडं थोडं ओतलं. एकही गुठळी झाली नाही. थाळी माझ्या पोटात आली. मित्रांनो, मी आयुष्यात इतक्या जपून कधी तापलो नाही. बटण बंद झालं आणि सगळ्यांचे डोळे कुसुमताईंच्या हातांकडे गेले. रोहितने त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. त्यांचे हात मांडीवरच राहिले. माझ्या झाकणावर कसलंच वजन नव्हतं, एखाद्या मुंगीनेही ते ढकललं असतं. पण कुणी हात लावला नाही. खोलीत फक्त माझ्या निवणाऱ्या पत्र्याची टकटक होती.

"आता," कुसुमताई म्हणाल्या.

रोहितने झाकण उचललं. त्याने आईला पहिला घास भरवला. त्यांनी तो बराच वेळ तोंडात घोळवला आणि गिळला. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्या घासाला त्यांनी चमचा स्वतःच्या हातात घेतला. त्या वेळी रोहितला राहवलं नाही. तो खाटेशी जमिनीवर बसला.

"आई, मी खोटं बोललो. मी याले दुरुस्तीले नव्हतो नेलं. भंगारात देला होता."

कुसुमताईंनी वाटीतून वर पाहिलं. त्या दिवशी त्यांना सगळे ओळखू येत होते.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तं त्याच्यामागं मलेच जा लागे."

आणि त्या पुन्हा खाऊ लागल्या.

त्याला आता दोन महिने झाले. मी त्याच टेबलावर, त्यांच्या नजरेसमोर असतो. रोहितने माझं बटण काढून उंचावर बसवलं आहे, म्हणजे तो घरात असतानाच मी तापतो. दर रविवारी कामिनी आणि उन्नती येतात. कुसुमताई रोज थोडं थोडं जेवतात. नावं मात्र पुन्हा विसरल्या आहेत. उन्नतीला त्या कधी सोनिका म्हणतात, कधी नुसतं पोरी म्हणतात.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना एक दिवस जावंच लागतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं मागणं एवढंच आहे. घरातलं काही जुनं काढून टाकाल, तेव्हा ज्याच्या हातातलं ते आहे त्याला आधी विचारा, आणि खरं सांगा. तो विसरतो म्हणून त्याला फसवू नका. नाहीतर ते माणूस आपल्या वस्तूमागे चालत निघतं; मागे घरात जे उरतं, ते जेवत नाही.