काठ धरणारी

आर्णीपासून समुद्र इतका लांब की गावातल्या निम्म्या लोकांनी तो फक्त फोटो स्टुडिओच्या पडद्यावर पाहिलेला. तरी आर्णीत समुद्रात कयाक चालवणाऱ्यांचा क्लब होता आणि त्याचं नाव होतं 'सागरवीर'. हे वीर दर रविवारी धरणाच्या पाण्यात वल्ही मारत. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. क्लबला लाल-पिवळ्या होड्या होत्या, लाइफ जॅकेटं होती, छातीवर लाट छापलेले टी-शर्ट होते. टी-शर्ट आधी आले, होड्या मागून आल्या.

क्लब काढला रजतने. त्याचं मोटारसायकलींचं शोरूम. लग्नानंतर तो गोव्याला गेला, तिथे एकदा कयाकमध्ये बसला आणि परत आला तो समुद्र डोक्यात घेऊनच. क्लब काढला त्याने, पण चालवायची वर्षा. हा फरक नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

वर्षा राठोड धरणाच्या अलीकडच्या तांड्यावरची. आर्णीत कृषी केंद्राच्या काउंटरवर बसायची. रविवारची सहल ठरवायची म्हणजे ती बुधवारपासूनच फोनला चिकटायची. कोण कोणाच्या गाडीत, पोहे कोणाकडून, धरणावरच्या चौकीदाराला कोणी सांगायचं, कोणत्या जॅकेटचं बक्कल तुटलंय, सगळं तिच्या डोक्यात. गणपती विसर्जनाला क्लबची मंडळी होड्या घेऊन बंदोबस्ताला मदत करायची, तेव्हाही पहाटेपासून पाण्याशी तीच उभी असे. पेपरात फोटो रजतचा येई. तिला त्याचं काही वाटत नसे, निदान ती तसं म्हणे.

क्लबची एक रीत होती. सगळे पाण्यात गेले तरी एकाने बाहेर थांबायचं. गाड्यांच्या किल्ल्या, फोन, पर्सा सांभाळायच्या, आत गेलेल्यांची डोकी मोजत राहायचं, कोणी उलटलं तर शिट्टी फुंकायची. याला ते काठ धरणं म्हणत. रीत रजतनेच घातली आणि चांगली घातली. दर रविवारी एकेकाची बारी. पण बारी आली की कोणाची पाठ धरायची, कोणाचे पाहुणे अचानक येऊन टपकायचे. घाटंजीहून येणारा कपिल शाळेत मास्तर होता, त्याच्या बारीला हमखास पेपर तपासायचे निघत, आणि तरी तो पोहे खायला वेळेवर हजर असे. मग कोणीतरी म्हणे, "वर्षा, आजच्या दिवस धरून घे न वो काठ." वर्षा धरायची. असे आजचे दिवस करता करता तीन वर्षं गेली.

तिला पाणी आवडत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. सगळ्यांत चांगली वल्ही तिचीच पडायची. सगळे पोह्यांवर बसले की ती एकटी पिवळी होडी काढायची आणि बुडालेल्या गावाच्या देवळापर्यंत जाऊन यायची. वल्हं पाण्यात जाताना आवाजसुद्धा होत नसे.

ती हे सगळं फुकट करत नव्हती. तिच्या मनात एक हिशेब पक्का होता आणि तो तिने सगळ्यांसमोर मांडलाही होता. "इथं मी धरतो काठ. पन समुद्रावर नाही धरनार. तिथं मी पाण्यात." रजत म्हणाला होता, "अरे, म्हणजे काय! समुद्रावर तू सगळ्यांत पुढं." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. रजतची बहीण खुशी, वर्षाची कॉलेजातली मैत्रीण, तिने तर टाळ्याही वाजवल्या होत्या.

समुद्राचं वेड तिला रजतच्याही आधीपासूनचं. तिचे आजोबा फुलसिंग, तांड्याच्या रीतीप्रमाणे ती त्यांना दादा म्हणे, लहानपणी तिला लदेणीच्या गोष्टी सांगत. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून आपले पूर्वज मुलूखभर फिरत, समुद्रावर जाऊन मीठ भरून आणत. दादांनी स्वतः समुद्र पाहिला नव्हता. ते सोयाबीन आणि तूर पेरण्यातच म्हातारे झाले. कोकणची सहल ठरल्याचं वर्षाने सांगितलं, तेव्हा त्यांनी तिला जवळ बसवलं. मग म्हणाले, "आपले लोक समुद्रापावतर गेले बेटी. मीठ भरलं अन् काठावरूनच वापस फिरले. आत कोनी गेलं नाही."

"मी जातो न दादा."

"जाय. अन् आल्यावर मले सांग, आतून कसा दिसते."

ती सहल तिने दोन महिने खपून ठरवली. होड्यांसाठी पिकअप, माणसांसाठी गाड्या, वाटेत जेवण कुठे, मुक्काम कोणाकडे. भरती-ओहोटीच्या वेळा तिथल्या एका कोळ्याला फोन करकरून विचारल्या आणि ग्रुपवर टाकल्या. सगळ्यांनी अंगठे दाखवले. वाचल्या कोणीच नाहीत. काठ कोण धरणार हेही तिने तिथेच टाकलं होतं. कपिलची बारी.

गाव लहानसं होतं, किनारा मात्र लांबच लांब. ते पोहोचले तेव्हा ओहोटी होती. पाणी पार आत गेलेलं आणि ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक. रजतची नवी पांढरी गाडी सगळ्यांत पुढे होती. ती त्याने सरळ पाण्याजवळ नेऊन उभी केली, धरणावर करायचा तशीच. धरणावर गाडी पाण्याला लावायची, डिकी उघडायची, होडी ढकलायची. तीन वर्षं हेच केलेलं. धरणाचं पाणी चैत्रात थोडं मागे सरकतं, श्रावणात थोडं पुढे येतं, एका दुपारीत कुठे जात नाही आणि येतही नाही.

किनाऱ्यावर कोकम सरबत विकणाऱ्या बाईने हटकलं. गाडी वर घ्या, आता भरती लागेल, म्हणाली. रजत तोवर जॅकेटची बक्कलं लावत होता. "घेते न काठावरचा मानूस," असं म्हणत त्याने न बघताच किल्ली मागे भिरकावली. ती आली वर्षाच्या अंगावर. त्याचा हात सवयीने तिच्याकडेच वळला होता आणि तिच्या हातानेही ती सवयीने झेलली. मग ती कपिलकडे गेली. त्याच्या तळहातावर किल्ली ठेवली, वरून त्याची बोटं मिटवली.

"आज बारी तुमची हाय, सर. गाडी आधी वर घ्या."

"हो न बापा, घेतो. तू जाय."

तो खुर्चीवर बसला होता आणि त्याच्या हातात सरबताचा ग्लास होता. खुशी होडीत बसता बसता म्हणाली, "वर्षा, तूच थांबली असती तर बरं झालं असतं वो. कपिल सरचा काही भरवसा नाही." वर्षाने वल्हं उचललं. मैत्रिणीने म्हणावं असं ते वाक्य नव्हतं. पण तेव्हा तिला भांडायचं नव्हतं, तिला जायचं होतं.

ती गेली. पहिल्या लाटेने तोंडावर सपकन पाणी मारलं, दुसरीने होडी तिरपी केली. तिसरी तिने नीट घेतली आणि अचानक लाटा मागे राहिल्या. पुढे फक्त पाणी, आणि ते खालून श्वास घेत असल्यासारखं हलत होतं. धरणात कधी असं झालं नव्हतं. ओठांवर मीठ होतं. वर्षाला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं, कारण तिथे बघायला कोणी नव्हतं. बाकीचे अजून लाटांत धडपडत, आरडाओरडा करत होते. सगळ्यांत पुढे ती होती, रजत म्हणाला होता तशी. समोर एक खडक दिसत होता आणि त्याच्या पलीकडे जायचं तिने ठरवलं.

आणि मग तिने मागे वळून पाहिलं.

कारण काही नव्हतं. तीन वर्षं दर पाच मिनिटांनी डोकी मोजायची मानेला सवय लागलेली, तिने मोजली. डोकी सगळी होती. पण नजर तिथे थांबली नाही, तीही सवयीने काठाकडे गेली, आणि काठ होता तिथे नव्हता. पांढऱ्या गाडीच्या दारांना लाटा लागत होत्या. खुर्ची रिकामी होती. कपिल कुठेच दिसत नव्हता.

बाकी कोणाचंच लक्ष नव्हतं. काठाकडे बघायची सवय असलेलं माणूस त्यांच्यात एकच होतं. तिला वाटलं, आपण पाहिलंच नाही असं समजावं. खडक अगदी जवळ आला होता. हे वाटलं याची तिला पुढे कधी लाज वाटली नाही, आणि वाटूही नये. पण हात वळले होते. तिने शिट्टी फुंकली, होडी फिरवली आणि जीव तोडून वल्हं मारलं.

गाडीची चाकं वाळूत पार रुतली होती. कोळ्यांनी दोर लावून ती ओढली तोपर्यंत पाणी इंजिनात शिरलेलं. कपिल रस्त्यापलीकडच्या खानावळीत सापडला. सुरमईची थाळी अर्धी झाली होती आणि किल्ली थाळीशेजारी होती. "मले वाटलं, पानी कुठं येते एवढ्या लवकर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरचं आश्चर्य होतं. मग त्याने बोटं चाटली आणि उठला. बंद गाडी ट्रकवर चढवून उरलेली सहल गुंडाळली गेली. समुद्रात पुन्हा कोणी गेलं नाही.

घरी दादा ओसरीत वाट पाहत होते. "किती आत गेलती?"

"लय आत," वर्षा म्हणाली. "खडकाच्या पलीकडं." आयुष्यात ती त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलली. दादांनी समाधानाने डोळे मिटले, ते तिला सहन झालं नाही आणि ती पाणी भरायला निघून गेली.

पुढच्या आठवड्यात शोरूमच्या वरच्या खोलीत बैठक झाली. समोसे होते. रजत मोठ्या मनाने बोलला. "झालं ते झालं. मले कोनाले दोष द्यायचा नाही. पन किल्ली मी वर्षाच्या हातात देल्ली होती, हे सगळ्यायनं पाह्यलं."

वर्षा म्हणाली, "ती मी कपिल सरले देल्ली. बारी त्याइची होती."

सगळ्यांनी कपिलकडे पाहिलं. कपिलने समोशाकडे पाहिलं. "देल्ली असंन," तो म्हणाला. "गडबडीत माह्या काही ध्यानात नाही."

ती खुशीकडे वळली. खुशीने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यावर बोललीही होती. खुशीने टिश्यूने बोटं पुसली. "जाऊ दे न वर्षा. कायले वाढवतं? तू थांबली असती तं झालंच नसतं न. तुले जमते ते."

झालं. यानंतर कोणाला काही विचारायचं उरलंच नाही. गाडी आपण पाण्यात लावली हे रजतला आठवायची गरज राहिली नाही, आणि थाळी आपण खाल्ली हे कपिलला. आधीच लंगडं असलेलं सत्य त्या खोलीत सगळ्यांनी मिळून बसवून टाकलं. वर रजतने उदारपणे ठराव मांडला की या बाऱ्यांच्या भानगडीतच घोळ होतो, तेव्हा यापुढे काठ कायमचा वर्षाकडे राहावा. तिच्यासारखी जबाबदार दुसरी कोणी नाही. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षीच्या समुद्राची सहलही तिनेच ठरवावी असं ठरलं. तीन वर्षं तिने जमवून ठेवलेलं सगळं त्यांनी टाळ्या वाजवून घेतलं आणि वर तिने आभार मानावेत म्हणून तिच्याकडे बघत राहिले. तिने मानले नाहीत. समोसाही खाल्ला नाही.

रविवारी ती धरणावर आली. काहींना वाटलं, राग गेला असेल. पोहे तिनेच आणले होते, बक्कलंही तिनेच तपासली. एकेकाने येऊन किल्ल्या आणि फोन तिच्या ओढणीत टाकले. खुशीने गालाला हात लावून "थँक्यू डिअर" म्हटलं. कपिलनेही किल्ली टाकली, नेहमीप्रमाणे न बघता. मग सगळे पाण्यात गेले आणि पिवळी होडी तेवढी काठावर राहिली.

वर्षाने ओढणी पाण्याच्या अगदी कडेला, एका सपाट दगडावर अंथरली. त्यावर किल्ल्या आणि फोन नीट मांडून ठेवले. गळ्यातली शिट्टी काढून मधोमध ठेवली. धरणाचं पाणी, ते काही वर येणार नव्हतं. पिवळ्या होडीवरून एकदा हात फिरवला. होडी क्लबची होती. तिची अशी तिथे एक ओढणीच होती, आणि ती तिने सोडली.

ती डांबरी रस्त्यावर येऊन आर्णीच्या एसटीसाठी उभी राहिली. एसटी नेहमीप्रमाणे उशिरा आली. ती आत बसते न बसते तोच फोन वाजला. रजत.

"वर्षा, कुठं हाय तू? इथं काठावर कोनीच नाही."

"काठावर कोन पाह्यजे?"

"म्हनजे? तुह्याशिवाय कोन? ठरलं न आपलं."

"तुमचं ठरलं," वर्षा म्हणाली. "ज्याच्या बारीले पानी वर आलं, त्याले उभं करा." आणि तिने फोन बंद केला.

हे बोलून तिला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. उद्या ग्रुपवर कोण काय लिहील ते तिला आत्ताच पाठ होतं. आणि पाणी गेलं ते गेलंच. तिला दुसरी होडी कोण देणार होतं.

वळणावर एसटी धरणाच्या कडेने जाते. तिने ठरवलं होतं की तिकडे बघायचं नाही. पण मान वळली. ऊन पाण्यावर पसरलं होतं आणि लाल होड्या इकडेतिकडे विखुरल्या होत्या. तिने डोकी मोजली. सगळी होती. एक काठावर, बाकी पाण्यात. मग तिने खिडकीची काच ओढून घेतली.