सकाळच्या गाडीतला नवरा

देवाने माणसाला जीभ दोन कामांसाठी दिली आहे, चवीसाठी आणि बोलण्यासाठी. तिच्या नवऱ्याने दुसरं काम लग्नाच्या दिवशीच बंद करून टाकलं होतं, अशी तिची पक्की खात्री होती. लेक शिकायला बाहेरगावी गेल्यापासून तर घरात दोघंच उरली होती, ती आणि वर्तमानपत्र. वर्तमानपत्राच्या मागे नवरा असायचा, पण ते आपण धरून चालायचं.

ती चष्म्याच्या काचा तयार करणाऱ्या कारखान्यात होती. काच दिव्यासमोर धरायची, फिरवायची, बारीकसा ओरखडा दिसला तरी बाजूला ठेवायची. दिवसभर दुसऱ्याच्या कामातले दोष काढायचे आणि वर पगार घ्यायचा, असं काम नशिबानेच मिळतं. कारखाना शहरात आणि घर शहराच्या बाहेर, त्यामुळे रोज तासभर गाडीत बसावं लागायचं. गाडीत तिचे डोळे तेच काम फुकट करायचे.

आणि गाडीत काय नमुने भरलेले असायचे! एक चष्मिस मास्तर होता. झोप आली की चष्मा काढून शेजाऱ्याच्या हातात द्यायचा, "जरा धरा हं," म्हणायचा आणि त्याच शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून मोकळा. शेजाऱ्याला उतरायचं असेल तर त्याने चष्मा पुढच्याच्या हवाली करायचा. एकदा मास्तर जागा झाला तेव्हा चष्मा तिसऱ्या बाकावर पोचला होता आणि एक आजीबाई तो डोळ्यावर चढवून बाहेरची शेतं बघत होत्या. दुसरी एक मुलगी रोज गाडीतच नट्टापट्टा करायची. पूल येईपर्यंत डावी भुवई, पुलानंतर उजवी. एक दिवस गाडी वेळेआधी पोचली आणि ती बिचारी एका भुवईने कामावर गेली. तिसरा होता एक उतावीळ उतारू. त्याचं स्टेशन सर्वात शेवटचं, पण गाडी सुटली की तो दाराशी उभा राहून प्रत्येकाला विचारायचा, "तुम्ही उतरणार?" अहो बाबा, शेवटच्या स्टेशनला उतरणार नाही तर काय तिथे संसार थाटणार?

रात्री जेवताना ती हे सगळं नवऱ्याला सांगायची. सांगायची म्हणजे काय, करून दाखवायची. मास्तरासारखी मान टाकायची, भुवईवालीसारखी तोंडाचा चंबू करायची. नवरा खाली मान घालून जेवायचा. फार तर "हं" म्हणायचा. तो शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपांवर कामाला होता. पहाटे उजाडता उजाडता पहिल्या गाडीने जायचा आणि तिन्हीसांजेला परत यायचा. भिंतीला सांगितलं असतं तर निदान आवाज तरी परत आला असता, असं तिला वाटायचं.

अशात कारखान्यात तिला बढती देऊ केली गेली. काम पहाटेच्या पाळीवर देखरेखीचं, आणि राहायला कारखान्याजवळच एक खोली. आठवडाभर तिथे राहायचं, सुट्टीला घरी यायचं. पूर्वी तिने झटक्यात नाही म्हटलं असतं. आता ती विचारात पडली. आपण घरात नसलो तर या माणसाला कळेल तरी का? तिने परीक्षा घ्यायची ठरवलं. एका रात्रीपासून तिने बोलणंच बंद केलं. भांडण नाही, रुसवा नाही, नुसतं ताट वाढायचं आणि गप्प जेवायचं. तिच्यासारख्या बाईला हे म्हणजे पाण्याबाहेर मासोळी ठेवण्यासारखं होतं. पण तिने नेटाने आठवडा काढला.

नवऱ्याने एका शब्दानेही विचारलं नाही. झालं, निकाल लागला. तिने खोली बघायला येते म्हणून कारखान्याच्या रखवालदाराला कळवून टाकलं. रखवालदार सकाळी लवकरच भेटणार होता, म्हणून तिला नवऱ्याचीच पहिली गाडी घ्यावी लागणार होती. तो घराबाहेर पडला तशी ती उठली, भराभर आवरलं आणि धावतपळत गाडीच्या शेवटच्या दारातून आत शिरली. बसली ती उंच पाठीच्या बाकावर. डुलकीतून जाग आली तेव्हा शहर जवळ आलं होतं आणि बाकाच्या पलीकडे एक घोळका जोरजोरात हसत होता.

"पहाटे पहाटे कसली मेली मौज चाललीये," असं ती मनात म्हणतेय तोच पलीकडून कोणीतरी बायकी आवाजात म्हणालं, "'जरा धरा हं,' म्हणतो आणि टाकतो की हो मान!"

तिने कान टवकारले. हा मास्तर तिच्या गाडीतला होता. या गाडीत त्याला ओळखणारं कोण आलं? तिने बाकाच्या फटीतून पाहिलं आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. घोळक्याच्या मधोमध तिचा नवरा उभा होता. एक हात कमरेवर, दुसरा हात चमचा धरल्यासारखा हवेत, मान वाकडी. तो मास्तराची नक्कल करत नव्हता. मास्तराची नक्कल करणाऱ्या तिची नक्कल करत होता!

ती हबकलीच. पहिला धक्का हा की या माणसाला एवढं बोलता येतं. त्याचा आवाज तिने ओळखलासुद्धा नव्हता, आणि ओळखणार कशी, "हं" वरून काय आवाज कळतो? दुसरा धक्का त्याहून मोठा. चार परक्या माणसांत बायकोचा तमाशा! तिची कानशिलं तापली. आता उठावं आणि सर्वांसमक्ष याची खरडपट्टी काढावी म्हणून ती उठणार, एवढ्यात घोळक्यातली एक नर्सबाई म्हणाली, "पण हे मास्तराचं जुनं झालं हो. वहिनी नवीन काय म्हणाल्या ते सांगा ना."

वहिनी! ती उठता उठता तशीच बसली.

"खरंच," एक टपालवाला म्हणाला, "गेले काही दिवस तुम्ही आम्हाला शिळंच वाढताय. त्या भुवईवालीचं काय झालं पुढे? तिला नवीन नोकरी लागणार होती ना?"

नवरा जरा अडखळला. "लागली. म्हणजे... आता ती तिथे सगळ्यांना भुवया काढायला शिकवते."

कोणी हसलं नाही. एक पोट सुटलेला ठेकेदार होता, त्याने नाराजीने डोकं हलवलं. "छे छे, हे वहिनींचं नाही. वहिनी असं पचपचीत सांगत नाहीत. हे तुम्ही मनचं घातलंत."

नवरा खाली बसला. मग तो हळूच म्हणाला, "ती बोलत नाहीये."

"कोण, वहिनी? भांडलात की काय?"

"भांडायलाही बोलावं लागतं. काही झालं नाही. एक दिवस गप्प झाली ती झालीच. घरात इतकं शांत असतं की नळाचा थेंब पडला तरी दचकायला होतं."

"अहो मग विचारा ना त्यांना, काय झालं म्हणून!" नर्सबाई वैतागली.

"रोज ठरवतो. ताटावर बसलो की शब्दच फुटत नाही. मला येतं कुठे बोलायला? इथे बोलतो ते सगळं तिचंच असतं. ती सांगते ते मी इकडे येऊन सांगतो. माझं स्वतःचं असं..." त्याने हात झटकला. "कंटाळली असेल मला. कोणीही कंटाळेल."

बाकाच्या अलीकडे तिने तोंडाला पदर लावला होता. राग कुठे गेला ते तिलाच कळेना. भिंत समजून ज्याच्यापुढे इतकी वर्षं डोकं आपटलं, त्याला तिचा शब्द न् शब्द पाठ होता. कोणत्या वाक्याला ती मान वाकडी करते, हेसुद्धा. तिने त्याच्याकडे कधी एवढं निरखून पाहिलं होतं?

"बरं, राहू द्या," ठेकेदार समजुतीने म्हणाला. "तो शेवटच्या स्टेशनवाला तरी सांगा."

"तो ना," नवरा निरुत्साहाने म्हणाला, "तो प्रत्येकाला विचारतो, 'तुम्ही कुठे उतरणार?'"

आता मात्र तिला राहवेना. सगळं सहन होतं, पण चांगल्या गोष्टीचा असा विचका? ती ताडकन उठली आणि बाकावरून वाकून म्हणाली, "'कुठे उतरणार' नाही हो! 'तुम्ही उतरणार?' एवढंच! 'कुठे' म्हटलं की सगळी मजाच गेली!"

घोळक्याने चमकून वर पाहिलं. तिचा एक हात कमरेवर होता, मान वाकडी. टपालवाला उभाच राहिला. "वहिनी!" तो म्हणाला, आणि मग सगळेच उभे राहिले, जणू शाळेत बाई वर्गावर आल्या. नवरा तेवढा बसून होता.

"तू इथे?" तो म्हणाला.

"खोली बघायला चाललेय." आठवड्यानंतर ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलत होती. "बढती मिळतेय. आठवडाभर तिकडेच राहायचं आणि सुट्टीला घरी यायचं. पुढच्याच स्टेशनला उतरायचंय."

गाडीचा वेग कमी होऊ लागला होता. सगळ्यांच्या नजरा नवऱ्याकडे लागल्या. तो म्हणाला, "मला नको."

"काय नको?"

"तू तिकडे राहायला नको."

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मीठ कमी पडलं तरी नको म्हटलं नव्हतं, की जास्त पडलं तरी. स्टेशन आलं. दारं उघडली, माणसं उतरली, माणसं चढली. तिचे पाय हलले नाहीत.

"मग हे घरी बोलायला काय झालं होतं?" तिने विचारलं.

"घरी तू कधी विचारलं नाहीस."

हे तो तक्रार म्हणून म्हणाला नाही, म्हणून तिला जास्त लागलं. ती आठवू लागली. सांगितलेलं तिला ढीगभर आठवत होतं. पण आपण त्याला काय विचारलं? भाजी वाढू का, छत्री घेतली का, दार लावलं का. त्यापलीकडे काही केल्या काही सापडेना. गाडीभर परक्या माणसांचं कुठे काय चुकतं ते तिला ठाऊक होतं, आणि घरातला माणूस दिवसभर कुठे उभा असतो, कोणाशी बोलतो, याचा पत्ता नव्हता.

दारं बंद झाली आणि गाडी सुटली. रखवालदार किल्ली घेऊन वाट बघत असेल तर बघू दे, तिला ती खोली नको होती. टपालवाल्याने जागा करून दिली तशी ती नवऱ्याशेजारी बसली.

"पंपावर काय असतं हो दिवसभर?" तिने विचारलं.

घोळका पुढे सरकला. एवढी वर्षं रोज एकत्र जात होते, पण हे त्यांनीही त्याला कधी विचारलं नव्हतं. नवऱ्याने घसा खाकरला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. सुरुवात अगदीच वाईट केली. आधी पंप किती मोठा ते सांगितलं, मग त्याला वंगण कुठून घालतात ते. ठेकेदाराने जांभई दाबली. ती मात्र मध्ये एक शब्द बोलली नाही.