सत्यशीलाताईंचं मागचं चाक

सत्यशीलाताईंची गाडी पुढून स्कूटर होती आणि मागून जवळजवळ रिक्षा. सुपेला बाजारातल्या तेजराम मिस्त्रीनं एका जुन्या स्कूटरचं मागचं चाक काढून तिथे आडवा ॲक्सल बसवला होता. त्याच्या दोन टोकांना दोन चाकं, आणि वर दोघींना ऐसपैस पुरेल अशी बैठक. लहानपणी पोलिओनं ताईंचा डावा पाय नेला होता. पण त्या गाडीवर बसल्या की भिलाईच्या कुठल्याही रस्त्याला ही बाई अधू आहे, हे ठाऊक नसायचं.

शालू लग्न होऊन पवनीहून भिलाईला आली, तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती आणि सेक्टरातली झाडं अजून क्वार्टरांच्या छपरांएवढीच होती. थोरली नणंद शाळेत मास्तरीण आहे, एवढं तिनं ऐकलं होतं. कडक असेल, या धास्तीनं ती बिचकून आत आली, तर मागच्या अंगणात पोत्यावर एक बाई फतकल मारून बसलेली. एक पाय सरळ पसरलेला, कोपरापर्यंत हात काळे, पुढे सुटं चाक.

"ये वो शालू! पाया पडू नको, माह्ये हात ग्रीसचे हायेत. ती रॉकेलची परात इकडं सरकव."

शालूनं सासरी केलेलं ते पहिलं काम.

हळूहळू तिला त्या कामाची गोडीच लागली. चाकाच्या आत बेअरिंग असतं, म्हणजे पोलादी कड्यात बसवलेल्या गोळ्या, आणि त्यांच्यावर चाक फिरतं, हे तिला ताईंनी दाखवलं. ताई बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायच्या, जुन्या धोतराच्या फडक्यानं कोरडं करायच्या, मग कानाशी धरून बोटानं फिरवायच्या. तेव्हा डोळे मिटलेले असायचे. शाळेत पोराचा पाढा ऐकताना असायचे, तसेच.

"खरखर आली का समजायचं, आत कचरा हाय नाहीतर गोळी खराब झाली. चांगलं बेअरिंग बोलतच नाही."

हे सगळं त्यांना वडिलांकडून आलं होतं. देवाजी रेल्वेत होते. दुर्ग स्टेशनला गाडी थांबली की डब्याडब्याखाली वाकून चाकाजवळच्या ॲक्सलला उलटा हात लावत जायचे. गरम लागला की डबा तिथेच गाडीपासून तोडून बाजूला काढायचा. तळहात कामानं लाकूड होतो, हाताची पाठ खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे. सत्यशीलाला कडेवर घेऊन त्यांनी कितीतरी गाड्या अशा तपासल्या होत्या. देवाजी गेले, पण ती सवय घरात राहिली. शाळेतून आल्यावर ताई आधी दोन्ही चाकांच्या मध्याला हाताची पाठ लावायच्या आणि मगच कुबडी घेऊन घरात यायच्या.

घरात दुसरी विद्या होती ती चंपतची. शालूचा नवरा चंपत पोलाद कारखान्यात रोलिंग मिलला होता. तिथली बेअरिंगं हत्तीच्या पायासारखी. वरून पाणी, बाजूनं लाल लोखंडाच्या उडणाऱ्या खपल्या. ग्रीस गनचा दांडा मारत राहायचा, जुनं ग्रीस बाहेर ओघळेपर्यंत. ओघळलं नाही तर फोरमन ओरडायचा.

एका वर्षी सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा ताईंपुढे होता आणि चाकं उघडायची वेळ झाली होती. चंपत म्हणाला, "तू पेपर तपास. मी करून देतो. माह्यं रोजचंच काम हाय."

बहिणीसाठी करायचं म्हणून त्यानं सुपेल्याहून ग्रीसचा नवा डबा आणला आणि रविवारची दुपार गाणी गुणगुणत घालवली. बेअरिंग भरलं, त्याच्या भोवतीची पोकळी भरली, वरून अंगठ्यानं दाबून आणखी भरलं. "आता वर्षभर पाहाचं काम नाही, ताई!"

ताईंनी पेपरांतून मान वर करून म्हटलं, "माह्या भावासारखा भाऊ नाही."

त्यानंतर काही दिवसांतच ते घडलं. शाळेतून येताना सुपेल्याचं रेल्वे फाटक पडत होतं. ताईंनी ब्रेक दाबला, गाडी थांबेना. पुढे सायकलींची गर्दी. ताईंनी हँडल वळवून गाडी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घातली. लागलं कुणालाच नाही. पण बाजारातली चार माणसं धावली आणि त्यांनी ताईंना उचलून पानठेल्याच्या बाकड्यावर नेऊन ठेवलं.

घरी आल्यावर ताई वाळूबद्दल बोलल्या, ब्रेकबद्दल बोलल्या. उचलल्याबद्दल बोलल्या नाहीत. शालूनं मात्र त्यांचं पातळ खांद्याजवळ चुरगळलेलं पाहिलं, आणि ताई तिथे पुन्हा पुन्हा हात फिरवत होत्या तेही.

चंपतला शिफ्टमध्येच कुणीतरी सांगितलं होतं. तो आला तो पेटूनच.

"बस झालं! गाडी विकाची. येत्या रविवारी तेजरामच्या दारात नेऊन उभी करतो."

"अन् मी शाळेत कशी जाऊ?"

"मी सोडून देत जाईन सायकलवर."

"तुही ए शिफ्ट असली तर पहाटे पाचले सोडशील? शाळा काय चौकीदारानं उघडाची?"

"मंग रिक्षा लावू."

"रिक्षावाला आला तर जाईन, नाही आला तर बसन. कोणी उचललं तर चढन. लहानपणी लय बसली मी तशी, चंपत."

"लोकं काय म्हणतील? बहीण वाळूत पडते अन् भाऊ पाहून राहिला!"

शालू दारात ताट घेऊन उभी होती. नवरा चुकतो आहे असं म्हणायची सोय नव्हती, आणि डोळ्यांतून पाणी येऊ द्यायचीही नव्हती.

ताईंनी कुबडी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "रविवारी दुर्गले मोहन नगरात मावशीकडं जाऊ. मी अन् शालू गाडीवर, तू मांगून सायकलनं ये. तिथं पोचलं का तू सोताच्या हातानं चाक पाह. बाबा पाहात तसं. चटका बसला, नाहीतर वाटेत ब्रेक चुकला, तर गाडी तेजरामची. मी चकार शब्द बोलणार नाही."

"बोलशील."

"तुह्यासारखी नाही मी."

दुसऱ्या दिवशी चंपत कामावर गेला आणि दोघींनी उजवं चाक उघडलं. उघडताच जळका वास आला. चाकाच्या आतल्या अंगाला काळं चिकट ग्रीस सगळीकडे उडालेलं, ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, त्यात भिजून चमकत होते. ताईंनी बेअरिंगच्या पोकळीत बोट घातलं आणि गोळाभर ग्रीस बाहेर काढलं. मग आणखी एक. त्या काढतच होत्या.

शालूनं फडकं पुढे केलं. "ताई, हे ह्यांनी भरलं ते…?"

"हाव. त्याच्या मिलमधी बेअरिंग हळू फिरते, वरून पाणी पडते, म्हणून गच्च भरा लागते. इथं चाक भराभर फिरते. आतल्या आत घुसळलं, तापलं, पातळ झालं अन् सील ढकलून ब्रेकवर गेलं."

"म्हणजे करंजीवानी," शालू म्हणाली. "सारण जास्त भरलं का तेलात फुटते."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या मोठ्यानं हसल्या. "अवो, सतरा वर्ष ग्रीस भरून राहिली, मले हे सुचलं नाही!"

"ह्यांना सांगाचं का?"

"कावून सांगाचं? आधी हात लावू दे त्याले."

लायनर वाया गेले होते. शालू जुने कागदात गुंडाळून तेजरामकडे गेली. दुकानात एकटीनं जायची तिची पहिलीच वेळ. तेजरामनं कागद उघडला नि कपाळावर हात मारला. "अतका ग्रीस कोन भर दिस, भौजी? गाड़ी हे के हलवाई के कड़ाही?" इतकं ग्रीस भरणाऱ्या नवऱ्याचं नाव शालूनं काही सांगितलं नाही. नवे लायनर आणि नवं सील घेऊन ती आली.

बेअरिंग धुतल्यावर ताईंनी ते उन्हात धरून पाहिलं. तापून निळं पडलेलं नव्हतं. कानाशी फिरवलं. मग पहिल्यांदाच त्यांनी ते शालूच्या कानाशी नेलं. आत काहीच आवाज नव्हता, दूर कुठे कुणी रेशमी पातळ नेसत असावं एवढंच.

"घे. तू भर."

शालूनं तळहातावर ग्रीस घेतलं आणि बेअरिंगची कड त्यावर दाबत गेली, पलीकडून गोळ्यांच्या फटीतून ग्रीस डोकावेपर्यंत. भोवतीच्या पोकळीला नुसता हात पुसल्यासारखा लेप, बाकी जागा मोकळी. ताई फक्त पाहत होत्या. मग दोघींनी डावं चाकही तसंच केलं.

तेवढ्यात चंपत आला. "एवढंच? अवं सुकून मरन ते!"

"रविवारी मरन तर मरन," ताई म्हणाल्या.

रविवारी सकाळी तिघं निघाली. चंपत सायकलवर मागे, दातओठ खात. फाटक पडलेलंच होतं. ताईंनी ब्रेक दाबला आणि गाडी दांडीच्या अलीकडे शहाण्या बैलासारखी उभी राहिली. पानठेलेवाल्यानं ओळखून हात केला. ताईंनी मान वळवली नाही. मालगाडी धडधडत गेली. तिचे ॲक्सल एकामागून एक डोळ्यांपुढून सरकताना ताईंच्या मांडीवरचा हात नकळत उलटा झालेला शालूला दिसला. तिनं आपला हात त्यावर ठेवला. ताईंचा हात गार पडला होता.

पुढे हमरस्त्यावर ट्रक होते, उलटं वारं होतं. चंपत मागे पडत होता, पुन्हा गाठत होता. "हळू चालव!" तो ओरडायचा. ताईंनी मुद्दामच वेग कमी केला नाही.

मोहन नगरला मावशीच्या दारात गाडी थांबली. ताई उतरल्या नाहीत, चाकाला हात लावला नाही. चंपत आला, सायकल भिंतीला टेकवली, धापा टाकत खाली बसला. हात पुढे केला, तळहात. मग थांबला. हात उलटा केला आणि उजव्या चाकाच्या मध्याला टेकवला.

तो हात काढेना. मग पलीकडे जाऊन डाव्या चाकालाही लावला. पुन्हा उजव्याकडे आला.

"कोमट हाय," तो म्हणाला. "सकाळी उन्हात ठेवलेल्या पितळेच्या गुंडातल्या पाण्यासारखं."

मावशी दारातून म्हणाली, "अरे, चाकाची पूजा करून राहिला का? आत या नं!"

चंपत तसाच बसून होता. "मागं मीच जास्त भरलं होतं. होय नं, ताई?"

"तू मनापासून भरलं होतं," ताई म्हणाल्या. "बेअरिंगले मन समजत नाही, त्याले जागा लागते."

तो हसला, कपाळाचा घाम हाताच्या पाठीनं पुसला, आणि त्याच्या कपाळावर काळी रेघ उमटली. मावशीकडे जेवणं झाली तेव्हा त्यानं घड्याळ पाहिलं. दुपारच्या बी शिफ्टला पोचायचं होतं, आणि पाय तर आत्ताच दुखत होते. तो उगाच अंगणात फिरला. मग गाडीपाशी येऊन खाली बघत म्हणाला,

"ताई, सायकल राहू दे इथंच. मले गेटपर्यंत सोडून देतं का?"

ताईंनी किक मारायला त्यालाच सांगितलं. मागे शालूला सरकवून चंपत बसला. कारखान्याच्या गेटवर शिफ्ट बदलत होती, सायकलींचा लोंढा आत-बाहेर चालला होता. त्या लोंढ्यात ताईंनी गाडी अलगद कडेला घेतली. ब्रेक लागला. चंपत उतरला, चार पावलं गेला, परत आला, वाकून चाकाला उलटा हात लावला आणि काहीच न बोलता गर्दीत शिरला.

"चाल," ताई शालूला म्हणाल्या. "पुढं येऊन बस. हँडल कसं धरतात ते पाह जरा."