वरून की खालून

“हाताने फिरव. हात थांबला की मग पाना लाव, आणि पान्याने त्याला नुसतं ‘बस’ म्हण. बखोट धरून बसवायचं नाही.”

कारखान्यातल्या मुकादम बाई हे एका नव्या मुलीला समजावत होत्या. त्या मुलीच्या चिमटीत मी होतो. माणसांच्या तोंडून माझ्याबद्दल निघालेले शहाणपणाचे ते पहिले वाक्य. सांगायला वाईट वाटते, पण जवळजवळ शेवटचेही तेच.

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे. मोटारीच्या इंजिनाखाली तेलाची एक पसरट टाकी असते, तिला चेंबर म्हणतात. त्या चेंबरच्या बुडाला एक भोक असते आणि त्या भोकात मी असतो. जुने तेल काढायचे झाले की मला उघडायचे, तेल वाहून जाऊ द्यायचे, मला परत बसवायचे आणि वरून नवे तेल ओतायचे. काम इतके सोपे आहे. सोपे आहे म्हणूनच माणसे त्याची माती करतात. बहुतेक जण मला ‘चेंबरचा नट’ म्हणतात. मी नट नाही. नाटके वर चालतात, गाडीच्या आत आणि बाहेर. मी खाली असतो आणि निमूट बघतो. पण कुणाकुणाचे तोंड धरणार?

माझा आयुष्यभर एकच नेम आहे: गळायचे नाही. डोक्यावर उकळते तेल असो, खाली चिखल असो, खड्ड्यात गाडी आपटो, एक थेंब खाली जाऊ द्यायचा नाही. नेम पाळणाऱ्याने त्याचा गवगवा करू नये, म्हणून मीही कधी केला नाही. माझ्या गळ्याशी तांब्याची एक चकती असते. ती माझी सोबतीण. मी आवळला गेलो की ती स्वतः दबते आणि फट बुजवते. एकदा दबलेली चकती पुन्हा तितकी दबत नाही, म्हणून दरवेळी नवी घालायची असते. हे साधे ज्ञान ज्यांच्यापाशी होते अशी माणसे मी फार थोडी पाहिली.

त्यांतले एक म्हणजे आमचे पहिले मेकॅनिक. ते मला उघडून तळहातावर घ्यायचे, फडक्याने पुसायचे आणि म्हणायचे, “प्रकृती उत्तम आहे हो याची.” मला कौतुकाची हाव नाही, तरी ते वाक्य आवडायचे. पुढे त्यांनी गॅरेज विकले. नवा मालक आला तो दंडांचे प्रदर्शन करत. त्याने पान्याला लांब पाइप जोडला, त्यावर पाय दिला आणि मला असा आवळला की माझ्या सहाही कोपऱ्यांचा चोळामोळा झाला. “आता बघू कसा गळतो!” म्हणाला. अरे, मी गळत होतोच कधी? ज्याच्याकडे अंदाज नसतो तो जोर लावतो. देव त्याचे भले करो. माझे काही त्याने केले नाही.

त्यानंतर बरीच वर्षे मला कुणी विचारले नाही. मी गाडीखाली तोंड करून असतो, त्यामुळे मला माणसांचे पाय दिसतात आणि वरून आवाज येतात. तेवढ्यावरून माणूस पुरेसा कळतो. आमची गाडी ज्या घरची, त्या घरात पायांच्या चार जोड्या होत्या. आईंचे पाय सावकाश, अंदाज घेत पडणारे. त्यांच्या मुलीचे, म्हणजे ताईचे, भराभर चालणारे. गाडी चालवायची ती ताईच. ताईच्या नवऱ्याचे, जावईबापूंचे, कुठेही उभे राहिले तरी जागा चुकल्यासारखे वाटणारे. आणि आईंच्या धाकट्या भावाचे, मामांचे, कंबरेवर हात ठेवून उभे राहिल्यावर दोन्ही बाजूंना फाकणारे.

आईंच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेलेली होती आणि डावा त्याच वाटेवर होता. परवाच त्यांनी दाराशी टांगलेल्या रेनकोटाला “या, बसा ना” म्हटले होते. घाटापलीकडच्या रुग्णालयात डोळ्यांचे एक मोठे डॉक्टर अधूनमधून येत. मागच्या वेळी आई बसने गेल्या, बस घाटात अडकली आणि त्या पोचेपर्यंत डॉक्टर परत गेले होते. आता पुन्हा तारीख मिळाली होती. उद्याची. ही चुकली तर पुढची मिळेपर्यंत डावा डोळा थांबणार नाही, असे तिथल्या नर्सने स्पष्ट सांगितले होते. ताई पहाटे गाडीने नेणार होती.

आणि आदल्या दिवशी दुपारी मामांना आठवले की घाट चढायचा तर तेल बदललेले असावे. जावईबापूंना आठवले की त्यांनी या कामाचे व्हिडिओ पाहिलेत. रिकामा वेळ आणि अर्धवट माहिती एका अंगणात भेटली.

“गॅरेज कशाला, घरीच करू,” जावईबापू म्हणाले. “मी पंप आणलाय. तेल मोजायची पट्टी असते ना, ती काढायची, तिथून नळी आत सोडायची आणि वरूनच तेल ओढून घ्यायचं. गाडीखाली शिरायलाच नको.”

“गाडीला काय धाड भरलीये?” मामा म्हणाले. “रक्त तपासायला देताय का तिचं?”

“अहो मामा, ही पद्धत आहे. खूप जण करतात.”

“खूप जण उभ्याने जेवतातही. तेल खालून काढायचं असतं. नट उघडला की धबधब्यासारखं सगळं येतं, गाळासकट. तुमची नळी वरवरचं चाटणार आणि घाण तशीच ठेवणार.”

“पण खाली जायचं कुणी?”

“तुम्ही. मी सांगतो ना बाहेरून.”

खरे सांगतो, मित्रांनो, त्या क्षणी मामांबद्दल मला थोडा आदर वाटला. नळीने तेल चोखणारी ती बाटलीवजा वस्तू मी खालून पाहिली होती. पारदर्शक, पोकळ आणि भारी आत्मविश्वासाची. माझ्या तोंडाशी साठलेला गाळ तिला स्वप्नातही दिसला नसता. खालून म्हणजे मला उघडून. इतक्या वर्षांनी कुणीतरी रीतीने करणार होते.

माझा आदर फार टिकला नाही.

त्यांनी पुढची चाके लाकडी उतारांवर चढवली. गाडी पुढून उचलली गेली आणि जावईबापू पाठीवर सरपटत आत आले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा दिसला. कपाळावर घाम, तोंडात टॉर्च, डोळ्यांत परीक्षेला बसल्याची भीती. त्यांनी पाना माझ्यावर चढवला आणि ओढला. माझे कोपरे गुळगुळीत, पाना सटकला, बोटे चेंबरवर आपटली.

“आई गं!”

“काय झालं?” बाहेरून मामांचे पाय.

“हा फिरत नाहीये. पाना धरतच नाही याला.”

“मग तो नसेलच. उघडायचा असतो तो असा गुळगुळीत ठेवतील का? शेजारी बघा.”

शेजारी होता. हातभर अंतरावर गिअरबॉक्सच्या बुडाला माझ्याच मापाचा एक बोल्ट बसलेला आहे. गिअरबॉक्सचे तेल वेगळे, ते ओतायची जागा वेगळी, त्याचा आणि इंजिनाच्या तेलाचा काडीचा संबंध नाही. त्याला वर्षानुवर्षे कुणी हात लावला नव्हता, म्हणून त्याचे कोपरे शाबूत होते. हा काही त्याचा पराक्रम नव्हे.

“हा बसला बघा पाना! चक्क बसला!” जावईबापू ओरडले.

“मी काय म्हणत होतो!” मामा म्हणाले.

मी किंचाळलो असतो. पण बोल्टाला वाचा नाही आणि माणसांना कान नाहीत. शेजारी उघडला. खाली ठेवलेल्या टबात तेल पडू लागले, मधासारखे, सोनेरी, लख्ख. इंजिनात फिरलेले तेल काजळासारखे काळे असते. हे कोणालाही ठाऊक असते, असे मी त्या दिवसापर्यंत समजत होतो.

“किती स्वच्छ आहे हो,” जावईबापू म्हणाले.

“ताईने गाडी जपलीये. माझी भाची आहे शेवटी.”

“मग बदलायचं कशाला?”

“बदलायला घेतलं ना? मग बदलायचं. अर्धवट सोडायची आपल्यात पद्धत नाही.”

“वास मात्र कसलातरी येतोय. नासल्यासारखा.”

“म्हणूनच तर बदलतोय!”

मामांच्या या उत्तरानंतर मी त्यांच्याकडून सगळ्या आशा सोडल्या. शेजाऱ्याला त्यांनी परत बसवला, जुन्याच चकतीसकट. मग नरसाळे लावून नव्या तेलाचा अख्खा डबा इंजिनात रिकामा केला. आत जुने काळे तेल जसेच्या तसे होते. त्याच्यावर नवे. मी तळाशी बसून ते वाढते ओझे सोसत होतो. पट्टी बाहेर काढली तेव्हा तेल खुणेच्या कितीतरी वर आले होते.

“जास्त दिसतंय,” जावईबापू पुटपुटले.

“घाट आहे, जावईबापू. जास्त असलेलं बरं.”

ताई कामावरून आली. “झालं का?” तिने विचारले. “एक चक्कर मारून बघते.” गाडी उतारांवरून खाली आली, अंगणाबाहेर पडली, आणि कोपऱ्यापर्यंत जाईतो शेजारी विव्हळू लागला. कोरड्या दातांवर दात घासल्यासारखा आवाज. मागून जादा तेलाच्या धुराचा लोट. ताईने तिथल्या तिथे गाडी बंद केली. तिघांनी ती ढकलत परत आणली. मग ताई टबाशी वाकली, तेलात बोट बुडवले आणि नाकाशी नेले.

“हे इंजिनचं तेल नाही,” ती म्हणाली. “हे गिअरबॉक्सचं आहे. तुम्ही दुसराच नट खोललात.”

मामांचे फाकलेले पाय हळूहळू एकमेकांजवळ आले.

“तो पहिला झिजलेला होता,” ते म्हणाले. “कुणाचाही गोंधळ झाला असता.”

घ्या. म्हणजे चूक माझी.

आई पायरीवर आल्या होत्या. “काय गं, गाडीचा आवाज थांबला. काय झालं?”

“काही नाही अक्का, जरासं...” मामा.

“जरासं म्हणजे उद्या नाही.” आई हसल्या, पण ते हसू खालपर्यंत पोचले नाही. “नाही तर नाही. अर्धी माणसं दिसत नाहीत ते बरंच आहे. उरलेली अर्धीही गेली की घर कसं शांत होईल.”

जावईबापू बोलले, पण इतक्या हळू, की मला वाटले इंजिन थंड होताना कुरकुरले.

“आई, उद्या तुमची तारीख चुकणार नाही. माझा शब्द.”

“खांद्यावर नेणार का?” मामांनी विचारले. त्यांची जीभ लगेच सावरली होती.

जावईबापूंनी ती पारदर्शक बाटली आणली, पट्टीच्या जागेतून नळी आत सोडली आणि पंप मारू लागले. नळी माझ्या जवळपर्यंत आली. माझ्या आयुष्यात प्रथमच तेल माझ्याकडे पाठ फिरवून वर निघाले. थोडे काढायचे, पट्टी पुसायची, बघायची, पुन्हा थोडे काढायचे. तेल खुणेवर येईपर्यंत त्यांनी हे केले. आत काळे आणि नवे मिसळलेले राहिले, पण उद्याच्या प्रवासाला ते चालण्यासारखे होते. मला हे कबूल करताना जड जाते, मित्रांनो, पण त्यांनी दुपारीच वरून तेल काढले असते तर शेजाऱ्याला कुणी हात लावला नसता. तो पंप वरवरचे काढतो हे खरे. पण त्याने कुणाचे घर चुकून उघडले नसते. अर्थात म्हणून मी त्याला मान देणार नाही. त्याला गाळ दिसत नाही तो नाहीच.

तेव्हा तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याकडे गाडी येईल आणि एखाद्या दुपारी तुम्हालाही हा उत्साह येईल. वरून काढा नाही तर खालून काढा, ज्याला हात लावता तो कोण आहे हे आधी विचारा. निघालेल्या तेलाचा रंग बघा. काळे असायला हवे तिथे सोनेरी आले तर स्वतःचे कौतुक करू नका, थांबा. चकती नवी घाला. जुने तेल मातीत, गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या. आणि आम्हाला आवळताना दंड दाखवू नका. आमचे कोपरे एकदा गेले की परत येत नाहीत, आणि मग शहाणी माणसे झिजलेल्याला टाळून चकचकीत दिसेल त्याला धरतात.

एवढे सांगूनही तुम्ही ऐकाल असे मला वाटत नाही. माणसांचा माझा अनुभव तुम्ही ऐकलातच.

सूर्य कलला होता. गिअरबॉक्स अजून कोरडाच होता आणि त्याचे तेल मिळणारे दुकान पुलापलीकडच्या बाजारात होते. मामा पायरीवर बसून गिअरबॉक्सला कोणते तेल उत्तम, घट्ट की पातळ, यावर मोठ्याने बोलत होते. ताई आत आईंची पिशवी भरत होती, की रिकामी करत होती, ते आवाजावरून कळत नव्हते.

जावईबापूंचे पाय टबापाशी थांबले. त्यांनी हात फडक्याला पुसले, आपटलेल्या बोटाला त्याच फडक्याची चिंधी बांधली. मामांचे वाक्य संपायची वाट न बघता ते भिंतीकडे गेले. सायकलची दोन चाके माझ्या समोरून हळूच सरकली. फाटकाची कडी त्यांनी हाताने धरून, आवाज न करता सरकवली.

मी त्यांना नावे ठेवायला काहीतरी शोधत होतो. तेवढ्यात ते पुलाच्या वाटेला लागले.