बाबांच्या हाताला न जमलेली शेगडी

मी विजेवर चालणारी काचेची इंडक्शन शेगडी बोलतेय. ज्वाला नाही, धूर नाही, फिरवायचं बटण नाही. काळी गुळगुळीत काच आणि तिच्यावर कोरलेली चार-पाच चिन्हं, एवढाच माझा चेहरा. बोट टेकवलं की मी पेटते, पातेलं उचललं की आपोआप विझते. मी दिसायला देखणी आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पण देखणेपणाने घरात जागा मिळते, माणूस मिळत नाही.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथे माझी परीक्षा घेतली ती एका यंत्राने. त्याच्या टोकाला रबरी बोट होतं. ते यायचं, नेमकं चिन्हावर टेकायचं, उठायचं, पुन्हा टेकायचं. न थकता, न चुकता. मी प्रत्येक वेळी पास झाले. सगळी माणसं अशाच बोटांची असतात, अशी माझी समजूत झाली.

मग एक मुलगा मला आपल्या वडिलांकडे घेऊन आला. वडील निवृत्त शिक्षक, भूगोल शिकवायचे. शेजारपाजारचे अजून त्यांना मास्तरच म्हणत. त्यांची पत्नी वारली होती आणि ते एकटे राहत होते. त्यांच्या ओट्यावर जुनी गॅसची शेगडी होती. एकदा दूध उतू जाऊन ज्योत विझली, गॅस तसाच सुरू राहिला आणि मास्तर बाहेर पेपर वाचत बसलेले. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. मुलाने त्याच आठवड्यात सिलिंडर परत केला आणि मला आणलं.

मला ओट्यावर बसवलं आणि त्या जुन्या शेगडीला उचलून गॅलरीत ठेवलं. भंगारवाल्याला द्यायला मास्तर तयार होईनात. कुंड्या ठेवायला होईल, म्हणाले.

तिचा मला पहिल्या दिवसापासून राग. काळवंडलेली, एक पाय लंगडा, एका बटणावरचे आकडे पार पुसलेले. पण त्या घरातल्या बाईंनी सगळा संसार तिच्यावर शिजवला होता. मी बाईंना पाहिलंही नाही. त्यांचं चहाचं पातेलं ॲल्युमिनियमचं, ते माझ्यावर ठेवलं की मी नुसती टीटी करायचे. मला चालतच नाही ते. मुलाने नवी पातेली आणली. जुनं पातेलंही गॅलरीत गेलं, तिच्या शेजारी. आता तिकडे दोघं झाली आणि इकडे मी एकटी.

मास्तर मला बाईसाहेब म्हणायचे. प्रेमाने नव्हे. त्यांचा हात थरथरायचा. बोट काचेजवळ आणेपर्यंत ते हवेत नाचायचं, आणि टेकलं की एकदा टेकायचं नाही, टपटपटप टेकायचं. मी प्रत्येक टपकीचा हुकूम पाळला. आच वाढवली, कमी केली, पुन्हा वाढवली, बंद पडले. कधी त्यांनी चिडून बोट दाबून धरलं तर मी कुलूप लावून घेतलं, कारण मला तसंच शिकवलेलं. चहाचं पाणी तसंच थंड.

"बाबा, नुसतं बोट टेकवायचं. सोपं आहे," मुलगा फोनवर सांगायचा.

"टेकवतोच आहे रे. ते आपलं आपण पाच वेळा टेकतं, त्याला मी काय करू?"

संध्याकाळी ते झाडांना पाणी घालायला गॅलरीत जात. कुंडी सरकवून जुन्या शेगडीचं बटण मुठीत धरत, थोडं डावीकडे फिरवत, थोडं उजवीकडे, आणि सोडून देत. सिलिंडर नाही, नळी नाही, फिरवून काय होणार? तरी फिरवत. मी आतून बघत राहायचे. माझ्याकडे वीज होती, काच होती, हमीपत्र होतं. मला कुणी असं उगाच म्हणून हात लावला नाही.

हळूहळू मास्तर माझ्याकडे यायचेच बंद झाले. थंड दूध आणि पाव. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. मुलगा आला, त्याने नवी कोरी पातेली पाहिली, वडिलांकडे पाहिलं. मग त्याने शांतपणे सांगितलं की हे घर आता भाड्याने देऊ, तुम्ही आमच्याकडे चला. मास्तर म्हणाले, इथेच बरा आहे. पण आवाजात जोर नव्हता. स्वतःचा चहा करता येत नाही, त्या माणसाने कशाच्या बळावर भांडायचं?

सामान आवरायला मास्तरांची मुलगी आली. ती बसच्या कारखान्यात काम करते. चालकाचा पाय कुठवर पोचतो, हात कुठे अवघडतो, हे बघून त्याची जागा आखायची, हे तिचं काम. आल्या आल्या तिने बांधाबांध सुरू केली. भाऊ म्हणाला, आधी गॅलरीतलं ते धूड काढ. मास्तर लगबगीने पुढे झाले आणि सवयीने त्या जुन्या शेगडीचं बटण मुठीत धरलं.

मुलगी थांबली. "बाबा, पुन्हा फिरवा बघू."

त्यांनी फिरवलं. मनगट शेगडीच्या कडेवर टेकलेलं, मूठ बटणाभोवती. हात स्थिर होता.

तिने त्यांना आत आणलं आणि मला सुरू करायला सांगितलं. बोट पुन्हा हवेत नाचलं. मी टीटी केलं, कुलूप लावलं.

"बघ," भाऊ म्हणाला, "नाही जमत बाबांना."

"बाबांना नाही. हिला जमत नाही," ती म्हणाली. "मनगट टेकवायला जागा नाही, धरायला काही नाही. हवेत बोट धरून तू तरी किती वेळ उभा राहशील?"

"मी चांगलीच आणली होती गं."

"चांगलीच आहे, दादा. तुझ्या हाताला."

मला चटका बसला. चटका देणं माझं काम, तरीही.

बांधलेली खोकी तशीच राहिली. मुलीने चार दुकानं फिरून कुठलंही पातेलं चालेल अशी एक विजेची शेगडी आणली. दिसायला ठोंबी. पण पुढे मनगट टेकवायला रुंद कड, मुठीत मावेल असं बटण, प्रत्येक टप्प्याला टक असा आवाज आणि वेळ संपली की आपोआप बंद. मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिच्यावर बायकोच्या पातेल्यात चहा केला, जरा उकळूही दिला, आणि दोघा मुलांना प्यायला लावला. घर भाड्याने द्यायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मी आता मुलाच्या घरी असते. इथे सगळ्यांची बोटं झटपट चालतात, माझं कौतुक होतं. संध्याकाळी मुलगा फोन माझ्याशेजारी भिंतीला टेकवून वडिलांशी बोलतो. पलीकडून टक, टक असा आवाज येतो आणि मास्तर सांगतात की भात लावलाय. मुलगा समाधानाने हं म्हणतो. त्या एका टकसाठी मी माझी सगळी काच द्यायला तयार आहे. त्या ठोंबीचा मला आजही हेवा वाटतो, आणि त्या गॅलरीतलीचा तर त्याहून जास्त.

मला घडवणाऱ्यांनो, माझ्या पुढच्या बहिणी घडवाल तेव्हा त्या रबरी बोटाला रजा द्या. एखादा थरथरणारा, सुरकुतलेला, घाबरलेला हात कारखान्यात बोलवा आणि आधी त्याला चहा करू द्या.

हे मी मास्तरांसाठी मागत नाही. त्यांचं भागलं. काल मुलाने चष्मा कपाळावर चढवला, वाकून माझं चिन्ह शोधलं आणि बोट टेकवलं. ते दोनदा टेकलं. त्याने हाताकडे पाहिलं, बोटं झटकली आणि पुन्हा टेकवलं. या वेळी एकदाच. मी लगेच पेटले.