यादीतलं सहावं जहाज

पळसदरीत माधवीचा रुबाब तहसीलदाराच्या वरताण होता, आणि तो तिनं आपल्याच तोंडानं ओढवून घेतला होता. बंदराच्या तपासणी कचेरीत ती कंत्राटावर होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलं, तू तिकडं करतेस तरी काय गं? तर ही ऐटीत म्हणाली, "आमी जहाजं अडवतो." झालं! तेवढ्या भरवशावर शेजारच्या गौराबाईनं आपला पोरगा साईनाथ जहाजावर खलाशी म्हणून धाडला.

खरं काय ते माधवीलाच ठाऊक. बंदरात जहाजं चौदा आणि तपासनीस दोघं. दिवसाला दोन जहाजं तपासून व्हायची. म्हणून जहाजाचं वय, जुने दोष, आधीची तपासणी कधीची, हे बघून ती गुण मांडायची. धोका जास्त ते यादीत वर. बाकीची तशीच समुद्रात जायची.

त्या सकाळी ती कामाला निघाली तर गौराबाई दारात.

"माधवी, बाय, साईनाथचं जहाज तुज्याच बंदरात लागलंय. संध्याकाळी जानार. म्हंतो, जीव वाचवायची होडी खाली उतरतच नाय, हुक पार गंजलाय. तू बघशील ना गं?"

"बघते, काकी," माधवी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

यादीत ते जहाज सहावं होतं. चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या बंदरात तपासलेलं, कागद स्वच्छ, म्हणून खाली. पहिलं अठ्ठावीस वर्षांचं म्हातारं, दुसऱ्याच्या पोटात रसायनं. तिनं साहेबांच्या कानावर घातलं. माणूस वाईट नव्हता.

"खलाशाची तक्रार आली तर आधी तेच घेतो," ते म्हणाले. "नाव बाहेर जात नाही. पण ऐकीव गोष्टीवर वर घ्यायचं, तर या दोनांतलं कुठलं सोडू? तूच खोड."

त्यांनी पेन पुढं केलं. त्या दोन्ही जहाजांवरही कुणाची तरी पोरं होतीच. माधवीनं पेन घेतलं नाही.

तिनं साईनाथला फोन लावला. "दोन ओळींची तक्रार दे रं. नाव गुप्त राहतं."

"ताई, त्या हुकाला ग्रीस लावनारा मी एकटाच हाय. नाव सांगायला कशाला पायजे?" तो हसला. "भरतीच्या एजंटानं एकदा नावावर काट मारली की परत जहाज नाय भेटत. ऱ्हाऊ द्या. आयेला उगाच बोललो मी."

ती चिडली, तिनं विनवण्या केल्या, शेवटी रडकुंडीला आली. साडेपाचला जहाज सुटलं. ते दिसेनासं होईपर्यंत ती खिडकीत उभी होती, आणि संक्रांतीची ती ऐट आठवून तिला स्वतःची किळस आली.

घरी पोचली तर ओटीवर गौराबाई, मांडीवर पितळी डबा. आत नव्या भाताचे पोहे, तिनं स्वतः कांडलेले. नवं आधी देवाला दाखवायचं आणि मगच माणसांनी तोंडात घालायचं, हा तिच्या घरचा नेम कधी चुकला नव्हता.

"साईनाथचा फोन आलता," ती म्हणाली. "माधवीताईनं मानसं धाडली, हुक नवा बसवला म्हनं. आता मला घोर नाय. देवाला अजून दाखवलं नाय बघ. आदी तुला."

माधवीनं तोंड उघडलं. खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. पण सांगून जहाज मागं फिरणार नव्हतं, आणि बाई मात्र पोर परत येईस्तोवर झुरत बसली असती.

"खा ना गं."

माधवीनं चिमूटभर पोहे तोंडात घातले आणि चावत राहिली. तिनं घास गिळेपर्यंत गौराबाई समोरून हलली नाही.