लेव्हल नावाची फाइल

माझी बायको छाया गेल्याचं मला शारजाहून दुबईला जाताना ट्रॅफिकमध्ये कळलं. ती सकाळी अंकुरच्या गाडीतून पुढे गेली होती. मी ईशानीला, आमच्या मुलीला, शाळेत सोडून मागून निघालो होतो. ऑफिसातून अंकुरचा फोन आला. तो म्हणाला, "सर, आधी गाडी बाजूला घ्या." बाजूला घ्यायला जागाच नव्हती. पुढेमागे सगळे अडकलेले. मी म्हटलं, बोल. छाया डेस्कवर बसल्या बसल्या गेली होती. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. २००८चा नोव्हेंबर होता.

छाया, अंकुर आणि मी, आम्ही तिघं एकाच लहान कंपनीत होतो. टॉवरमधल्या लिफ्ट, पंप, पाण्याच्या टाक्या चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. छाया बिल्ड सांभाळायची, म्हणजे कोडच्या फाइलींपासून चालणारा प्रोग्राम बनवायचं काम, आणि मी मॅन्युअल लिहायचो. त्या हिवाळ्यात टॉवरांचीच कामं थांबली. क्रेन जिथे होत्या तिथे उभ्या राहिल्या. आमच्याकडची माणसं कमी होत गेली, टेबलं विकली गेली, आणि जानेवारीत त्या मजल्यावर मी आणि अंकुर एवढेच उरलो. अबू धाबीची एक कंपनी सॉफ्टवेअर घ्यायला तयार होती, सोबत आम्हा दोघांनाही. अट एक होती. बिल्ड सिस्टिमचं डॉक्युमेंट पूर्ण हवं. ते झालं की माझा व्हिसा त्यांच्याकडे जाणार, नाही तर देश सोडायचा. ईशानी माझ्याच व्हिसावर होती आणि मार्चमध्ये तिची बारावीची परीक्षा होती.

टार्गेट म्हणजे जे तयार करायचं ते. सोर्स म्हणजे ज्या फाइलींपासून ते तयार होतं त्या. छायाने मला हे पोळ्यांवरून समजावलं होतं. कणीक नवीन मळली असेल तरच पोळ्या पुन्हा लाटायच्या, कणीक तीच असेल तर झालेल्या पोळ्या चालतात. सिस्टिम फक्त वेळ बघते. सोर्सची वेळ टार्गेटच्या नंतरची असेल तर ते टार्गेट पुन्हा बनतं. मी म्हटलं होतं, म्हणजे शिळ्या पोळ्या खाऊ घालायची सोय केलीस. ती म्हणाली, "तू मॅन्युअल लिही."

आता मी तेच लिहीत होतो. एकेक टार्गेट घ्यायचं, त्याचे सोर्स लिहायचे, मग बिल्ड लागोपाठ दोनदा चालवायची. दुसऱ्या वेळी काहीही बनता कामा नये. तरच यादी बरोबर. सगळी टार्गेट दुसऱ्या वेळी गप्प राहिली. टँक हे एक टार्गेट मात्र प्रत्येक वेळी नव्याने बनायचं.

अंकुरने शोधून काढलं की टँकच्या सोर्समधली लेव्हल नावाची फाइल दर वेळी नवी होते. मी कमांड देण्याच्या जरा आधीची वेळ तिच्यावर पडते. त्याने सर्व्हरचं घड्याळ तपासलं. फाइलला कुलूप लावलं. तरी तेच.

"आत एक अक्षर बदललेलं नाही, सर," तो म्हणाला. "नुसती उघडून सेव्ह केल्यासारखी आहे. असं कोण करतं?"

मला माहीत होतं कोण करायचं. बिल्ड चालवण्याआधी छाया लेव्हल उघडायची आणि काही न बदलता सेव्ह करायची. घरातून निघताना दाराजवळच्या गणपतीला हात लावायची, तसंच. मी हसलो की म्हणायची, "तुझं काय जातंय?" पण तिचं लॉगिन डिसेंबरातच बंद केलं होतं आणि तिचा कॉम्प्युटर टेबलाबरोबर विकला गेला होता.

त्यानेच मार्ग काढला. लेव्हलमधला मजकूर दुसऱ्या फाइलीत घातला आणि लेव्हलचं नाव सोर्समधून काढून टाकलं. बिल्ड दोनदा चालवली. दुसऱ्या वेळी सगळं गप्प. "खलास," अंकुर म्हणाला आणि मला कराक चहा पाजायला खाली घेऊन गेला.

सकाळी येऊन मी बिल्ड चालवली. सगळीच टार्गेट बनायला लागली. लिफ्ट, पंप, दिवे, सगळी. प्रत्येक सोर्स फाइल नवी झाली होती, ओळीने, एकीमागून एक. ज्या फाइलींना छायाने कधी हात लावला नव्हता त्याही. घरात हरवलेली वस्तू शोधताना आपण एकेक खण उघडून बंद करतो, तशा. अंकुर माझ्यामागे उभा राहून स्क्रीन बघत होता. त्या दिवसापासून तो माझ्याआधी वर येत नाही. मी येईपर्यंत खाली गाडीत बसून राहतो.

मी लेव्हल पुन्हा सोर्समध्ये घातली. त्यानंतर बाकीच्या फाइली गप्प झाल्या. डॉक्युमेंटमध्ये लिहिलं, टँक हे टार्गेट प्रत्येक वेळी नव्याने बनतं. लेव्हल ही फाइल सोर्समधून काढू नये.

अबू धाबीच्या कंपनीतून डॉक्युमेंट तपासायला अपर्णा आल्या. पुण्याच्याच, स्वभावाने सरळ. त्यांनी स्वतः बिल्ड चालवून पाहिली आणि म्हणाल्या, जुन्या सिस्टिममध्ये असं एखादं असतंच, लिहून ठेवलंत म्हणजे झालं. मग त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. प्रत्येक फाइलीपुढे जबाबदार माणसाचं नाव हवं होतं. बाकी ठिकाणी माझं किंवा अंकुरचं होतं. लेव्हलपुढे काही नव्हतं.

"इथे नाव लागेल," त्या म्हणाल्या. "जे ही फाइल हाताळतात, त्यांचंच. त्याशिवाय मला सही करता येणार नाही."

मी म्हटलं, लिहितो.

घरी ईशानीला एवढंच सांगितलं की एक नाव राहिलंय. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, जस्ट पुट युअर्स."

ऐकायला सोपं आहे. छायाचं नाव लिहिलं तर अपर्णा विचारतील, त्या कुठे आहेत. माझं लिहिलं तर ती फाइल माझी होईल. नुसती यादीतून काढली तेव्हा सगळ्या फाइली उघडून पाहिल्या गेल्या. त्या फाइलीपुढे दुसऱ्याचं नाव घातलं तर काय उघडलं जाईल हे मला माहीत नाही, आणि ते ऑफिसातच थांबेल हेही माहीत नाही.

अपर्णांनी गुरुवारपर्यंत मुदत दिली आहे. व्हिसाचे कागद अजून त्यांच्याकडे गेलेले नाहीत. लेव्हलपुढचं नाव मी अजून लिहिलेलं नाही.